एका रोपाला पाच डोळे

१

प्रज्ञा गजभिये बेपत्ता झाली नव्हती, आणि सगळी अडचण तीच होती. बेपत्ता माणसाची निदान तक्रार तरी लिहिता येते. ही पोरगी तर सौंसरच्या कोर्टासमोरच्या माझ्या टेबलावर, एका चकचकीत फोटोत, हिरवी साडी नेसून हसत उभी होती.

टेबलापलीकडे तिचे वडील तुळशीराम बसले होते. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावी फिरवायचं काम करतात. शेजारी तिची आई शकुंतला. डिसेंबरात मुलीचं लग्न झालं होतं. जावयाचं नाव अंकुश, आखातातल्या एका हॉटेलात मॅनेजर, मूळचा नागपूरकडचा, आपल्याच समाजातला. पांढरी साडी, वंदना, पाहुण्यांना जेवण, सगळं रीतसर. जानेवारीत मुलगी विमानात बसली आणि तीन आठवडे तिचा आवाज नाही. मग तुळशीरामच्या बटणांच्या फोनवर एक फोन आला.

"अर्धा मिनिट बोलली," तुळशीराम म्हणाला. "बाबा, मी सुखात आहो, मले शोधू नका. बस, कट."

"माही पोरगी मायसंग बोलल्याबिगर फोन ठेवत नसे," शकुंतला म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

ठाण्यातल्या मॅडम माणूस म्हणून भल्या. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि खरं तेच सांगितलं. मुलगी बावीस वर्षांची, कायदेशीर बायको, स्वतःच्या तोंडानं सुखात आहे म्हणते. गुन्हा लिहायचा तरी कोणावर? खरं सांगतो, मीही तेच सांगून त्यांना वाटेला लावणार होतो. वीस वर्षं वकिली केली की माणसाला दुसऱ्याचं रडणं फाइलीसारखं दिसायला लागतं.

पण त्यांच्याबरोबर तिसरं माणूस आलं होतं. केसरबाई. लोधीखेडा रोडवरच्या रोपवाटिकेत तीस वर्षं संत्र्याची कलमं बांधणारी बाई. प्रज्ञा चार वर्षं तिच्याच हाताखाली शिकली. वस्तीत केसरबाईची एक खोड प्रसिद्ध आहे: ती आधी झाड पाहते, मग माणूस. प्रज्ञाच्या लग्नातसुद्धा नवरीला सोडून, मांडवाला केळीचे खुंट कोण्या गाढवानं बांधले म्हणून भांडत होती.

तिनं फोटो उचलला आणि उजेडाकडे धरला. प्रज्ञाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती फोटोच्या डाव्या कडेला पाहत होती. तिथं एक पान आणि करंगळीच्या नखाएवढं काहीतरी पांढरं दिसत होतं.

"वकीलसाब," ती म्हणाली, "हा फोटो अर्धा हाये. बाकीचा कोनं कापला?"

२

संत्र्याच्या गावात जन्म घेऊन मला संत्रं फक्त सोलता येतं, म्हणून केसरबाईनं मला पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

संत्र्याचं झाड बीपासून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप लावतात. जंबेरी रानटी, आंबट, पण मुळानं दणकट. तिच्या खोडाला चाकूनं चीर देऊन त्यात चांगल्या संत्र्याचा एक डोळा, म्हणजे फुटवा येईल अशी कळी, बसवायचा. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत न्यायची, पाणी आत शिरू नये म्हणून. पट्टीला गाठ मारायची नाही, टोक शेवटच्या फेऱ्याखाली खोचायचं. डोळा मात्र उघडा ठेवायचा.

"आन् डोळा मेला तं?" मी विचारलं.

"तं पट्टीनं झाकून टाकाचा आन् टोक वर उभं ठेवाचं. मंग मागून येनाऱ्या बाईले समजते, हे रोप काढा." तिनं त्या पांढऱ्या नखावर बोट ठेवलं. "हे टोक वर हाये, साब. हे माह्या पोरीनं बांधलं."

वकिलाचा संशय मात्र सुटेना. एका टोकावरून एवढं? केसरबाई म्हणाली, उरलेला फोटो दाखवा, मग बोलू.

फोटो आणून दिला होता शकुंतलाच्या भावानं, हिरामणनं. तो रोपवाटिकेचा टेम्पो चालवतो. स्थळही त्यानंच सुचवलं होतं. आम्ही त्याला रोपवाटिकेच्या फाटकातच गाठलं, तर मी तोंड उघडायच्या आत तो रडायला लागला.

"मीच लोटलं माह्या भाचीले! पांढुर्ण्याच्या प्रेमलताबाईच्या मंडळात पोराची माहिती होती, म्या आनली. फोटो बी तिच्याच फोनवर आला. मले म्हने, तिथल्याच भूपेंद्रच्या दुकानातून छापलेला घेऊन जा. बंद पाकीट होतं, म्या उघडलं बी नाई."

रडणारा माणूस खरा असतोच असं नाही. टेम्पो रोपवाटिकेचा, माणूस रोपवाटिकेतला, पट्टीची खूण त्याला पाठ असणार. मी केसरबाईकडे सूचक नजर टाकली. तिनं फोटो माझ्यापुढे उलटसुलट केला.

"चारी बाजूनं पांढरी कोर पाहा. कैचीनं कापला असता तं एका बाजूची कोर गेली असती. छापाच्या आधीच कापला हाये."

म्हणजे कापणारा हात पांढुर्ण्यात होता. आम्ही दुपारची बस पकडली.

३

प्रेमलताबाईंचं वधूवर मंडळ म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. भिंतभर जोडप्यांचे फोटो. बाई गोलमटोल, बोलक्या, आणि आपण जुळवलेल्या प्रत्येक लग्नाचा अभिमान असलेल्या.

"अंकुश तं हिरा आहे हो! पोरीचा फोटो त्यानंच पाठवला मले. पाहा नं, कशी खुलली!"

त्यांनी आपण होऊन फोन पुढे केला. फोटो पूर्ण होता. चोर असा मोकळ्या मनानं फोन दाखवत नाही, असं मी मनात नोंदवलं.

प्रज्ञा एका गच्चीत उभी होती. मागं निळे गज. आणि डाव्या बाजूला, कापलेल्या भागात, कुंडीतलं लिंबाचं हातभर झाड. त्याच्या खोडाला पिशवीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या. कोणालाही वाटावं, झाडाला आधार दिलाय.

केसरबाईनं फोटो बोटांनी मोठा केला. मग खुर्ची सोडून ती जमिनीवर बसली. तिला तसंच सुचतं.

"एक, दोन, तीन... पाच. साब, पाच डोळे झाकले हायेत. एका रोपाले एकच डोळा बांधते. पोरगी एवढी येडी नाई. पाच काहून?"

ते मला सांगता येईना. पण तिचं बोट आणखी खाली सरकलं. झाडावरून दोन पट्ट्या मोकळ्या लोंबत होत्या. एकीला तीन मोठ्या गाठी आणि चार लहान. दुसरीला एक मोठी, दोन लहान.

"हे तं आमचं वाफ्याचं गनित होय," ती हळू आवाजात म्हणाली. "आमी अर्ध्या बाया लिहीत नाई. मोठी गाठ म्हंजे दहा, लहान म्हंजे एक. पयली दोरी ओळ सांगते, दुसरी झाड. चौतीसावी ओळ, बारावं झाड. तिथलं रोप काढा."

आखातात ना संत्र्याचा वाफा, ना ओळ. पण तिथं गल्ल्यांना नंबर असतात आणि घरांनाही. शहर आम्हाला तिकिटावरून माहीत होतं.

मी आजवर शंभर तरी साक्षीदार तपासले असतील. धमकीच्या सावलीत, धमकावणाऱ्यानंच काढलेल्या फोटोत, हसत हसत आपला पत्ता सांगणारा साक्षीदार मी पाहिला नव्हता. पोरगी नववीनंतर शाळेत गेली नव्हती. मी त्या फोनपुढे हात जोडले, हे लिहायला मला लाज नाही.

प्रेमलताबाईंचा चेहरा पडला होता. "मंग हा फोटो कापला कोनं? म्या तं पूर्ण पाठवला भूपेंद्रले!"

४

भूपेंद्रचं दुकान स्टेशन रोडवर. पासपोर्टचे फॉर्म, तिकिटं, फोटो, दाखले, सगळं एकाच काउंटरवर. पोरगा पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर.

फोटो कापल्याचं त्यानं हसून कबूल केलं. "हो सर, मीच. चेहरा मोठा यायला पाहिजे नं? कडेचं झाडबिड काढूनच टाकतो आम्ही. माय-बापाले काय झाड पाहाचं आहे?"

उत्तर बिनतोड होतं. कोणताही फोटोवाला हेच करील. केसरबाई त्याच्या हातांकडे पाहत होती.

"तुमची शेती कोण्या गावाले, भाऊ?" तिनं विचारलं.

"शेती? नाई बाई. आपन कागदाचा मानूस. शेतीतलं आपल्याले ढेकूळ समजत नाई." तो पुन्हा हसला आणि प्रज्ञाच्या पासपोर्टच्या, व्हिसाच्या प्रती मागितल्याबरोबर काढून दिल्या. कागदांची गुंडाळी करून, त्यावर प्लास्टिकची पट्टी फिरवून त्यानं ती माझ्या हातात ठेवली.

बसमध्ये मी ती गुंडाळी सोडायला गेलो तर गाठच सापडेना. नखानं ओरबाडून शेवटी पट्टी तोडली आणि कागद वाचायला घेतले. कायद्याचं मला थोडं कळतं, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा उपयोगी पडलं.

"लग्नच का लावलं ते कळलं," मी केसरबाईला म्हणालो. "दहावी न झालेल्या, तिशीच्या आतल्या बाईला या देशांत कामाला जायची परवानगी आपलं सरकार देत नाही. नवऱ्याकडे निघालेल्या बायकोला मात्र कोण अडवणार? नवरा म्हणजे नुसता दरवाजा. पलीकडे नेऊन तिला कोणाच्या तरी घरात राबायला डांबलं असणार."

"पन ते सोताच म्हनते, सुखात आहो."

"त्याचंही उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरुद्ध करार आहे. आपल्या देशानं आणि त्या देशानं, दोघांनी तो मान्य केलाय. फसवून, धाकानं मिळवलेली संमती ही संमतीच धरत नाहीत. मुलगी हो म्हणाली तरी गुन्हा तो गुन्हाच."

केसरबाई खिडकीबाहेर पाहत राहिली. कापूस वेचून झालेली शेतं मागे जात होती. "एवढ्या दूरच्या लोकायनं माह्या पोरीसाठी कायदा लिहून ठेवला, तिचं नावबी माहीत नसतानी?" तिच्या आवाजात असं काही नवल होतं की तो करार मी त्या दिवसापर्यंत फक्त परीक्षेपुरता वाचला होता, हे मला सांगवलं नाही.

"हिरामणला आज उचलायला सांगू का?" मी विचारलं.

"कोनालेच हात लावाचा नाई," ती एकदम म्हणाली. "डोळा बांधला का एकवीस दिवस हात लावत नसते. इथं कोनाले भनक लागली, तं तिथून पोरीले हलवतील. आधी रोप काढा. मंग कोनं डोळा मारला ते मी दाखवतो."

म्हणजे तिला नाव कळलं होतं. आणि मला, सगळं तिच्याबरोबरच पाहूनही, कळलं नव्हतं.

५

देशाचं आणि शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खटला चालू आहे. ठाण्यातल्या मॅडमनी गाठींचा अर्थ ऐकला, दोनदा फोटो पाहिला आणि त्याच दिवशी कागद वर पाठवले. मी आपल्या वकिलातीला करारातल्या कलमासकट लिहिलं. चौतीस नंबरची गल्ली त्या शहरात तीन ठिकाणी निघाली. बारा नंबरच्या घराला निळे गज असलेली गच्ची एकाच ठिकाणी होती.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, माझा फोन वाजला. वकिलातीतला अधिकारी त्या घराच्या दारातूनच बोलत होता. बरोबर तिथले पोलीस होते. माझ्या टेबलाभोवती तुळशीराम, शकुंतला, केसरबाई. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"मुलगी समोर उभी आहे," तो हिंदीत म्हणाला. "पण घरमालक म्हणतो, ही एकटीच आहे, राजीखुशीनं राहते. आणि तीही तेच म्हणते. सुखात आहे, मला न्यायचं नाही."

मी कराराचं कलम सांगायला लागलो. अधिकारी म्हणाला, कलम मला पाठ आहे, मी हिला नेऊही शकतो. पण ती दाराची चौकट धरून उभी आहे, सोडत नाही. असं का?

केसरबाईच्या डोळ्यांत त्या क्षणी जे उजाडलं, ते मी पाहिलं.

"पाच!" ती ओरडली. "साब, पाच डोळे! ते एकटी नाई म्हूनच निघत नाई. हे एकटी गेली, नाईतं बोलली आन् कोनं मानलं नाई, तं बाकीच्या चौघी तिथंच मरतील. त्यायले सांगा, तिले एवढंच म्हना: केसरमावशीनं पाच डोळे पाह्यले."

मी ते हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्याला काही कळलं नसावं, पण माणूस शहाणा. तो वळला आणि मालकाच्या देखत, अगदी सहज म्हणाला, "केसर मौसी ने पाँच आँखें देखी हैं."

मग फोनमधून एक हंबरडा आला. "माय वो!" शकुंतलानं तो ओळखला आणि तिनं माझ्या टेबलावर कपाळ टेकलं.

प्रज्ञानं चौकट सोडली आणि बोट वर केलं. गच्चीवरच्या कुलूपबंद खोलीत चार मुली होत्या. एक बैतूलकडची, एक गोंदियाची, दोघी छत्तीसगडच्या. चौघींच्या कागदांवर नवरा म्हणून अंकुशचाच फोटो होता. नावं मात्र चार वेगळी.

ज्या बाईला बसचा बोर्ड वाचता येत नाही, तिनं समुद्रापलीकडचं बंद दार उघडलं होतं.

६

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही भूपेंद्रच्या दुकानात गेलो. ठाण्यातल्या मॅडम बाहेर, साध्या साडीत, रसवंतीच्या बाकावर बसल्या होत्या. केसरबाईच्या हातात पिशव्यांत लावलेली दोन रोपं. एक हिरवंगार, पानांनी भरलेलं, गुडघाभर. दुसरं म्हणजे नुसता खुंट, त्याला बाजूनं एवढासा कोंब.

"तुमच्या कागदायनं लई काम झालं, भाऊ," ती म्हणाली. "एक रोप तुमाले, एक साबाले. तुमी आधी घ्या, मोठे मानूस आहा."

भूपेंद्र खूश झाला. त्यानं भरलेलं रोप हातानं बाजूला सारलं आणि तो खुंट अलगद उचलला. कोंबाला धक्का लागू नये म्हणून खाली तळवा धरून. मला हिरवंगार रोप मिळालं, आणि वाटलं, चला, आपलीच चांदी.

"साब, कोनतं चांगलं?" केसरबाईनं मला विचारलं.

"अर्थात हे."

"ते जंबेरी होय. डोळा मेला तिचा, पट्टी झाकून टोक वर ठेवलं हाये, दिसत नाई तुमाले. रानटी फुटवा लई हिरवा दिसते. शिकलेला मानूस बी फसते." मग ती भूपेंद्रकडे वळली. आवाज चढवला नाही. "तुमाले तं शेतीतलं ढेकूळ समजत नाई नं, भाऊ? मंग मेलेला डोळा सोडून जिता कसा उचलला?"

भूपेंद्रच्या हातातलं रोप तसंच राहिलं.

"त्या दिवशी कागदाले पट्टी बांधली तुमी. खालून वर, आन् टोक फेऱ्याखाली खोचलं. दुकानदार गाठ मारते. असं फक्त डोळे बांधनारा हात बांधते, त्याले विसरता येत नाई. चेहरा मोठा कराले तुमी झाड नाई कापलं. त्या झाडावरचं तुमाले वाचता आलं म्हून कापलं."

त्याचं तोंड पांढरं पडलं. "बाई, मी... मामाच्या रोपवाटिकेत... लहानपनी..." एवढंच तो बोलला. मॅडम आत आल्या होत्या. पुढं तपासात निघालं, प्रेमलताबाई मुलींची माहिती टाइप करायला याच्याकडे देत, आणि हा त्यातून शाळा सुटलेल्या, घरची परिस्थिती नसलेल्या मुली निवडत असे. अंकुशला स्थळ म्हणून मंडळात घुसवणारा हाच. त्याच्या संगणकात पाचही लग्नांचे कागद सापडले. हिरामणची मी मनातल्या मनात माफी मागितली, आणि नंतर तोंडानंही.

प्रज्ञा आली तेव्हा हिरामणच्याच टेम्पोतून आली. नागपूरहून थेट घरी जायचं सोडून तिनं टेम्पो रोपवाटिकेशी थांबवायला लावला. बारीक झाली होती, मनगटावर डाग होते. मला राहवलं नाही. विचारलं, पोरी, हे कोणाला वाचता येईल असं तुला वाटलं होतं?

"बाबा माहं तोंड पाहतील, हे ठाऊक होतं," ती म्हणाली. "आई तं फोटो छातीशीच धरल. मावशी मात्र माह्याकडं पाहनारच नाई, आधी झाड पाह्यल. म्हून झाडावर लिहिलं."

केसरबाई वाफ्यात उकिडवी बसून डोळे बांधत होती. हाक ऐकून उठली. प्रज्ञानं येता येता सवयीनं वाकून वाटेतल्या एका रोपाची सैल पट्टी नीट केली आणि म्हणाली, "मावशी, हे पाह्य, कोनं बांधलं असं?"

केसरबाईनं रोपाकडे पाहिलं नाही. तिनं प्रज्ञाचं तोंड दोन्ही चिखलाच्या हातांत धरलं आणि कितीतरी वेळ तेच पाहत राहिली.